चाळीस नकार

तिसऱ्या भागाचा आलेख सपाट आला, तेव्हा डॉ. नसीमा मुलाणींनी आधी यंत्रावरच संशय घेतला. त्यांनी जोडण्या तपासल्या, शाल्मलीच्या डोक्यावरची संवेदक-जाळी थोडी मागे सरकवली आणि चाचणी पुन्हा चालवली. आलेख पुन्हा सपाट. काचेपलीकडे बसलेल्या डॉ. सुलभा केसकरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्याने आलेख बदलणार नव्हता, पण अशा वेळी माणूस असंच काहीतरी करत बसतो.

शाल्मली भोईटे विद्यापीठाच्या संगीतरचना विभागात शेवटच्या वर्षाला होती आणि केसकर तिच्या मार्गदर्शक. पदवीसाठी तिने सनई, चेलो आणि पखवाज यांच्यासाठी तीन भागांची रचना लिहिली होती. गेली सहा वर्षं विद्यापीठात कोणतीही रचना परीक्षकांपुढे जाण्याआधी मुलाणींच्या ‘रचनाशोधका’खालून जात असे. चाल विद्यार्थ्याची स्वतःची आहे की ऐकून उचललेली, हे तो सांगायचा. आजवर अकरा जणांची नावं त्याच्या शब्दावर विद्यापीठाच्या पटावरून कमी झाली होती.

“तिसरा भाग तुझा नाही,” मुलाणी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच शाल्मलीला जास्त लागलं.

“मॅडम, माझाच आहे. कशावरून म्हणता तुम्ही?”

मुलाणींनी पडदा तिच्याकडे वळवला. “चाल रचताना आपण काय करतो? एक स्वर घेतो, नको म्हणतो, दुसरा घेतो. प्रत्येक ‘नको’ची मेंदूत खूण राहते. यंत्र तुझ्याच चालीत लहानलहान बदल करून तुला ऐकवतं. त्यातला एखादा बदल तू पूर्वी करून टाकून दिला असशील, तर मेंदू पुन्हा नको म्हणतो. त्याला मी नकारलहर म्हणते. पहिल्या भागात तुझे त्रेचाळीस नकार सापडले, दुसऱ्यात अडतीस. तिसऱ्यात एकही नाही. ज्याने चाल नुसती ऐकलेली असते त्याला ती जशी आहे तशीच माहीत असते. चुकलेल्या वाटा फक्त रचणाऱ्याला आठवतात.”

“पण मी हा भाग एका बैठकीत लिहिला. काही खोडलंच नाही!”

“कागदावर खोडलं नसशील. डोक्यात प्रत्येकजण खोडतो. तीनशे बारा जण तपासलेत मी. अपवाद एकही नाही.”

“मग चोरली कुणाची, तेवढं तरी सांगा.”

जगभरच्या ध्वनिसंग्रहात तशी चाल सापडली नव्हती. पण नियम स्पष्ट होता. शुक्रवारी फेरचाचणी. त्याआधी मूळ चाल कुणाची ते सांगितलं, तर वर्षभराने पुन्हा परीक्षेला बसता येईल. सांगितलं नाही आणि आलेख पुन्हा सपाट आला, तर विद्यापीठातून नाव कमी होईल.

बुधवारी दुपारी केसकरांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. शाल्मली दोन दिवसांत नीट जेवली नव्हती, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

“घरी, आटपाडीला कळवलंस?”

“कसं कळवू? मी चोर ठरलीय असं आईला फोनवर सांगू?” तिचा आवाज चिरकला. “मॅडम, तुमचा तरी विश्वास हाय का माझ्यावर?”

“आहे,” केसकर म्हणाल्या. “मार्चमध्ये तू इथेच, या टेबलाशी बसून तो भाग लिहिलास. मी समोर पेपर तपासत होते. चाळीस मिनिटं तुझी पेन्सिल थांबली नाही. असं लिहिणारं माणूस मी यापूर्वी...” त्या अडखळल्या.

“हणमंत लवटे?” शाल्मलीने विचारलं. विभागात ते नाव सगळ्यांना माहीत होतं. पहिल्यांदा नाव कमी झालं ते त्याचं.

“त्याने चोरलं होतं,” केसकर तुटकपणे म्हणाल्या. “त्याच्याच वर्गातल्या पराशरची चाल होती ती. विषय तो नाही.”

त्यांनी खणातून एक जाड, चिकटवलेलं पाकीट काढून पुढे ठेवलं. “तुझ्या तिसऱ्या भागाची चाळीस चुकीची रूपं आहेत यात. सकाळपासून लिहितेय. एकेक वाजव आणि मनापासून नको म्हण. शुक्रवारी यंत्राला ते चाळीस नकार तुझ्या डोक्यात सापडतील.”

शाल्मली पाकिटाकडे बघत राहिली. “म्हणजे खऱ्या चालीसाठी मी खोटी खाडाखोड पाठ करायची?”

“पदवी वाचवायची असेल तर, हो.”

“आणि मग आयुष्यभर मला काय वाटंल स्वतःबद्दल?”

“ते मला नको विचारूस. पंधरा वर्षं झाली मला स्वतःचं काही सुचून.” केसकर खिडकीकडे वळल्या. “तुझं तरी पुसलं जाऊ नये, एवढंच वाटतं.”

शाल्मलीने पाकीट पिशवीत टाकलं आणि निघून गेली.

शुक्रवारी सकाळी दहाला चाचणी सुरू झाली. यंत्र बदललेल्या चाली एकामागून एक ऐकवत राहिलं. केसकर पडद्यावर नजर रोवून बसल्या होत्या. अकराला आलेख पूर्ण झाला. सपाट.

केसकरांना लगेच कळलं. पोरीने पाकीट उघडलंच नव्हतं!

मुलाणींनी अहवाल उघडला, पण लगेच लिहायला घेतला नाही. “सुलभाताई, स्रोत सापडला नाही तर विद्यार्थ्याच्या जवळच्या माणसांची चाचणी घेता येते. तिने ही चाल कुणाकडून ऐकली असेल तर पहिली शक्यता मार्गदर्शकाची. बसता का?”

“बसते की,” केसकर म्हणाल्या. त्यांना तिच्यासाठी नुसता थोडा वेळ वाढवून हवा होता. आपण ही चाल रचलेली नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बुधवारचे कागद म्हणजे केराच्या टोपलीचा माल. त्याचा विचारही त्यांच्या मनात आला नाही.

तासाभराने मुलाणी पडद्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “चाळीस.”

“काय चाळीस?”

“नकार. स्वच्छ, ठळक. ताई, तिसरा भाग तुम्ही रचलाय. कधीतरी नकळत गुणगुणला असेल आणि या मुलीने तो उचलला. वाईट वाटून घेऊ नका. खरं सांगू? अभिनंदन. फार सुंदर चाल आहे.”

शाल्मली उभी राहिली आणि केसकरांकडे बघू लागली.

खोटं का सांगा, केसकरांना एक क्षणभर मोह झाला. पंधरा वर्षांनंतर आपल्या नावावर एक चाल, आणि तीही अशी. काही बोलायचंसुद्धा नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. यंत्राच्या शब्दापुढे त्या पोरीचं कोण ऐकणार होतं?

त्यांनी डोक्यावरची जाळी स्वतःच काढली. “शाल्मली, ते पाकीट दे यांना. जसंच्या तसं.”

मुलाणींनी पाकीट फोडलं. आत चाळीस कागद, प्रत्येकावर केसकरांच्या अक्षरात तारीख आणि वेळ. तारखेशिवाय कागदाला हात लावायचा नाही, ही त्यांची तीस वर्षांची शिस्त होती.

“ही रूपं मी परवा केली,” केसकर म्हणाल्या. “हिला फसवून पास करायला. त्याची काय शिक्षा असेल ती मला द्या. पण आधी तुमच्या यादीत सत्ताविसावं बघा. मी वैतागून तो शेवट पोरांच्या बडबडगीतासारखा केला होता. शुद्धीवरचा कुठला रचनाकार असलं करून बघेल?”

मुलाणींनी कागद आणि पडदा ताडून पाहिले. पहिलं रूप जुळलं. दुसरं जुळलं. सत्ताविसाव्याची लहर तर सगळ्यांत उंच होती. त्या खुर्चीत मागे टेकल्या. शाल्मलीची मूळ प्रत मार्चपासून कार्यालयात जमा होती, हे त्यांनाही माहीत होतं.

“म्हणजे जिला सुचली तिचा आलेख सपाट,” त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “आणि जिने नंतर तिच्यावर घाम गाळला तिचे चाळीस नकार. मग माझं यंत्र मोजतंय काय?”

“कष्ट,” केसकर म्हणाल्या. “चाल कुणी झिजवली ते. सुचली कुणाला, ते नाही.”

“पण अपवाद एकही नव्हता!”

“अपवाद निघाला की तुम्ही त्याला चोर म्हणत होतात, मॅडम,” शाल्मली म्हणाली. “मग सापडणार कुठून?”

मुलाणींनी शाल्मलीवरचा ठपका मागे घेतला आणि तसं लेखी दिलं. शाल्मलीला एकदम रडू फुटलं. तिने डोळे पुसलेही नाहीत.

केसकरांचं तिकडे लक्ष नव्हतं. “नसीमा, पहिली चाचणी काढा. हणमंतची.”

सहा वर्षांपूर्वी पराशर आणि हणमंत यांनी जवळजवळ सारखीच चाल परीक्षेला दिली होती. पराशर केसकरांचा लाडका, त्याने चोरीची तक्रार केली. त्याचीच चाल यंत्रात घालून दोघांना तपासलं. पराशरचे साठ नकार निघाले, हणमंतचा एकही नाही. हणमंतची प्रत केसकरांनी स्वतः फाडली होती.

मुलाणींनी साठ नकारांची यादी उघडली. “सगळ्यांत तीव्र नकार हा. हणमंतची चाल नेमकी अशीच होती. तेव्हा आपण म्हटलं, हा पराशरचा पहिला खर्डा आणि हणमंतने तोच उचलला.” त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. “पण पराशरने समोर हणमंतचीच चाल ठेवून ती बदलली असेल, तरी सगळ्यांत तीव्र नकार हाच येणार.”

“आणि हणमंतही शाल्मलीसारखाच न थांबता, न खोडता लिहायचा,” केसकर म्हणाल्या आणि त्यांनी फोन लावला. हणमंत आता जतला एका बँडपथकात क्लॅरिनेट वाजवत होता. मागे कुणीतरी ढोल आवळत असल्याचा आवाज येत होता.

“हणमंत, मी केसकर. तुझी चाल तुझीच होती. मी चुकले. हे मी विद्यापीठाला लिहून देतेय.”

पलीकडे ढोलाचा आवाज जरा लांब गेला; तो बाजूला झाला असावा.

“मॅडम,” तो म्हणाला, “ती चाल हाय का तुमच्याकडं? माझ्याकडं न्हाई. कागद तुम्ही फाडला. त्यानंतर गुणगुणायचीसुद्धा लाज वाटायची. आता आठवतच न्हाई.”

केसकरांनी फोन यंत्राच्या ध्वनिवर्धकाजवळ धरला. मुलाणींनी पराशरने सगळ्यांत तीव्रपणे नाकारलेलं तेच रूप लावलं. जेमतेम पाऊण मिनिटाची, साधी, सरळ उतरत जाणारी चाल होती ती. ती संपली. जतला ढोल आवळायचा आवाजही थांबला होता.

“हीच,” हणमंत म्हणाला. “मॅडम, आणखी एकदा लावा.”