जानकीच्या डब्यातलं विष

"माझ्यावर विष घातल्याचा आळ आलाय, बाय," पायरीवर टेकताच सुशीला म्हणाली.

आनंदी केरकरने चहाचा कप खाली ठेवला. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढून ती निवृत्त झाली होती. पण डिचोलीत कुणाच्या घरात काही बिनसलं की माणसं पोलिसांच्या आधी तिच्याकडे येत. तिला या सगळ्याचा वीट आला होता. नाही म्हणायला मात्र ती कधी शिकली नाही.

सुशीला लाटंबार्से गावातल्या एका घरातली धाकटी सून. थोरली जाऊ जानकी पाळी गावच्या खाणीवर नोकरीला होती. ट्रकांचं वजन होतं त्या काट्यावर ती चिठ्ठ्या लिही. तिथे बाईमाणूस ती एकटीच. चार महिने तिच्या ओटीपोटात दुखत होतं. जंताचं औषध झालं, काढे झाले, अंगारा झाला. मग ती एकदा बोलून गेली की खाणीवर गेलं की दुखतं, रविवारी घरी असलं की बरं वाटतं. झालं! खाणीवर काय जातं? डबा. डबा कोण भरतं? सुशीला. घरात सगळे एका हंडीतलं जेवत, त्यामुळे डब्याशिवाय विष घालायला जागाच नव्हती.

सोमवारी देवळात कौल लावून देवाला विचारायचं आणि सुशीलेला दोडामार्गला माहेरी नेऊन सोडायचं, असं ठरलं होतं. तिची तीन वर्षांची मुलगी मात्र सासरीच राहणार होती.

"नवरा काय म्हणतो?"

"आई म्हणतील ते."

आनंदीचा दीर गोकुळदास, निवृत्त पोस्टमास्तर, पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "विष घालणारी असती तर स्वतः कशाला आली असती, वहिनी?"

"घालणाऱ्याही येतात, भावोजी. स्कूटर काढा."

लाटंबार्सेला सासू गंगा मागल्या दारी काजूच्या बिया वाळत घालत होती. धाकटीचं नाव काढताच तिने तोंड फिरवलं. विषाचा पुरावा तिच्याकडे तयार होता. जानकी संध्याकाळी येते ती पाय न धुताच मागल्या दारी धावते, मग कळशीभर पाणी ढोसते. "विषाशिवाय एवढी तहान लागता?" तिने विचारलं.

जानकीचा नवरा नारायण ट्रक चालवी. तो जरा नरम निघाला. पंधरा दिवस जानकी डबा कुत्र्याला घालते आणि खाणीवरच्या बाबली चहावाल्याकडे पाव खाते, दुखणं मात्र तसंच, हे त्यानेच सांगितलं. डॉक्टरकडे आपण बरोबर होतो, असंही तो म्हणाला. "बाईमाणूस परक्या पुरुषासमोर काय बोलणार? मीच सांगितलं, पोट दुखतं म्हणून."

"डबा बंद, तरी दुखतं? मग सुशीला सुटली!" बाहेर येताच गोकुळदास म्हणाला.

"सासू म्हणते, विष अंगात मुरलंय. संशयाला औषध नाही, भावोजी."

खाणीवर बाबलीची चहाची टपरी उन्हात रखरखत होती. पूर्वी ती काजूच्या बनाच्या सावलीत होती. चार महिन्यांपूर्वी माती टाकायला कंपनीने बन साफ कापलं, आणि गिऱ्हाईक कमी झालं म्हणून तो कंपनीच्या नावाने बोटं मोडत होता. जानकीबाय पूर्वी दोनदा चहा घेत, तोही आता बंद.

"म्हणजे हिला बाबलीच्या चहाचाही संशय," गोकुळदास परतताना म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिने जानकीला एकटीला म्हापशाला लेडी डॉक्टरकडे नेलं.

रविवारी सगळं घर ओसरीवर बसलं.

"ओटीपोट दुखायला बाईच्या जातीला पन्नास कारणं," आनंदी थकल्या आवाजात म्हणाली. "गर्भाशय, अंडाशयातली गाठ, आतडं, आणि मूत्राशय. डॉक्टरला नुसतं 'पोट' सांगितलं तर तो जंताचंच औषध देणार. विष असतं तर डबा बंद केल्यावर फरक पडला असता. पडला नाही. मग खाणीवर दुसरं काय बदललं? चार महिन्यांपूर्वी बन कापलं. बाबलीची सावली गेली, आणि हिचा आडोसा गेला."

नारायणने मान खाली घातली.

"पुरुष ट्रकाच्या टायराआड उभे राहतात. ही कुठे जाणार? म्हणून चहा बंद, पाणी बंद, आणि आठ तास दाबून धरायचं. घरी आली की आधी मागल्या दारी धाव, मग कळशीभर पाणी. रविवारी घरी असते, म्हणून आराम. म्हापशाला लघवी तपासली. जंतुसंसर्ग निघाला. औषध चालू झालंय. त्यानेही थांबलं नाही तर बाकीचं तपासायचं."



सुशीला जानकीजवळ जाऊन बसली. "जळजळ होत असणार. तुका ठाऊक होतं ना, वहिनी?"

"होतं," जानकी पदराआडून म्हणाली. "पण चारचौघांत ते कसं सांगणार? सासूबाई विष म्हणाल्या आणि मी गप्प राहिले. विष म्हणणं सोपं होतं."

"माझी पोर जात होती."

जानकी रडायला लागली. सुशीला रडली नाही. ती आठवडाभर रडून दमली होती.

गोकुळदासने घसा साफ केला. औषधाने आता बरं वाटेल, पण जानकी पुन्हा कामावर गेली की परत तेच, म्हणून खाणीच्या मॅनेजरला सांगून बाईसाठी संडास बांधून घ्यावा, असं त्याने सुचवलं. कोण सांगणार, हे आनंदीने विचारलं. सगळ्यांनी नारायणकडे पाहिलं. नारायण दोनदा बोलायला गेला. काय म्हणायचं ते त्याच्या तोंडून निघेना.

"मी जातंय उद्या," सुशीला म्हणाली. "विष घालणारी म्हणून सगळा गाव माका ओळखता. आता मुताचं नाव घ्यायला मला कसली लाज?"

गंगेने नातीला उचललं आणि सुशीलेच्या मांडीवर आणून ठेवलं.