सामोलकाकांची बारा झाडं

सीमेवरच्या डोंगरात सामोलकाकांच्या घराण्याची राळेची बारा झाडं होती. नावा लिंपायला राळ हवी होती, म्हणून कोरड्या हंगामात काका आणि पुतणी चन्नारी तिकडे निघाली. दुसऱ्याच्या झाडाला हात लावायचा नाही, हा तिथला रिवाज. तेहतीस वर्षं कुणी लावलाही नव्हता. अर्थात रिवाजाला सुरुंगांचीही मदत होती.

ते सुरुंग शिपाईगिरीत काकांनीच पुरले होते. पुढे त्यातल्याच एकानं त्यांचा पाय नेला. तेव्हापासून सरपणाला निघालेलं माणूस आधी काकांना वाट विचारी.

"मोठ्या दगडापासून पाच पावलांवर एक, मग डावीकडे पाच. तोंडपाठ आहे मला."

"पाठ असायला ती प्रार्थना आहे का?" चन्नारी म्हणाली. सुरुंग काढणाऱ्या पथकात तिची आठ वर्षं गेली होती. "माझ्या मागे राहा. पावलावर पाऊल."

तिसऱ्याच पावलाला तिच्या हातातलं सुरुंग शोधायचं यंत्र केकाटलं! तिनं सुरीच्या टोकानं माती अलगद बाजूला केली. खाली हिरवी चकती होती.

"हा इथं नव्हता," काका पुटपुटले.

"आता आहे. इतक्या पावसाळ्यांत माती खाली सरकली, तिच्याबरोबर हाही आला."

लाल रंगानं धोक्याची खूण करून वळसा घालत दोघं दुपारपर्यंत चढत राहिली. समोर झाडं दिसू लागली. आणि काकांचा लाकडी पाय घसरला! ते आडवे झाले. यंत्र पुन्हा ओरडलं, त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर!

"हलू नका."

तासभर ती बोटाबोटानं माती तपासत होती. मग तिनं त्यांना बगलेत धरून मागे ओढलं.

"वीसच पावलं राहिली गं," काका धापा टाकत म्हणाले.

"कुणाच्या हिशेबानं? तुमच्या की सुरुंगांच्या?"

काका हसले नाहीत. त्यांनी वळून खाली गावाकडे पाहिलं. "शेजारच्या पेउवच्या सुनेला मी सकाळीच सांगितलंय, सरपणाला ओढ्यापलीकडे खुशाल जा म्हणून."

झाडांकडे पाठ फिरवून दोघं आल्या खुणांवरून उतरली. घाई करावीशी वाटत होती आणि करता येत नव्हती. त्या उतरणीइतकी लांब वाट काका जन्मात चालले नव्हते.

पेउवची सून कोयता घेऊन ओढ्यात उतरलीच होती.

"थांब, पोरी!"

"अहो काका, तुम्हीच तर म्हणालात, इथं काही नाही."

"म्हणालो होतो." काकांनी काठी आडवी धरली. साऱ्या गावाची त्यांच्यावरची भिस्त त्यांना ठाऊक होती. लाज वाटत होती, तरी आवाज कापला नाही. "मला माहीत नाही. गावात जाऊन सगळ्यांना सांग, सामोलला काही माहीत नाही."

मग त्यांनी चन्नारीकडून लाल रंगाचा डबा मागून घेतला आणि ते ओढ्याकाठचा पहिला दगड रंगवायला बसले.