कॉफीला फवारणीचा वास

कपाशीवर बोंडअळी पडली त्या सालची ही गोष्ट. उमरखेडचा मुख्तार मिक्सर, कुलर, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. एके दुपारी फुलसावंगीच्या वामनरावांनी त्याला मळ्यातल्या घरी बोलावलं. अमेरिकेतल्या जावयानं आणलेलं कॉफीचं मशीन बिघडलं होतं. कॉफीची बंद डबी टाकायची, बटण दाबायचं, की एक कप तयार.

"कप अर्धाच भरते," वामनराव म्हणाले. "अन् वास येते."

"कायचा?"

वामनरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पुरुषभर उंच कपाशी उभी होती. पान हलत नव्हतं, तरी आतून आवाज येत होता. पाठीवरच्या पंपाचा दांडा कुणी मारावा तसा. खट्... फस्स. खट्... फस्स.

"कोन फवारून राह्यलं, मालक?"

"कोनी नाही. धनसिंग गेल्यापासून कोनी येतच नाही."

धनसिंगचं मुख्तारला माहीत होतं. तांड्यावरचा हा मजूर याच कपाशीत फवारता फवारता पडला. तोंडाला फेस, डोळ्यांपुढं अंधार. दारात जीप उभी होती. त्याची बायको हंसाबाई पदर पसरून राहिली, पण वामनराव म्हणाले, "सीटा खराब होतील. बैलगाडीत न्या." धनसिंग वाटेतच गेला.

मुख्तारनं टाकी धुतली. डबीला भोक पाडणारी सुई पिनेनं मोकळी केली. आतला क्षार सुटावा म्हणून सिरका घालून मशीन चालवलं, मग साधं पाणी काढलं. पहिला कप स्वतः पिऊन पाहिला. झकास होता.

दुसरा वामनरावांनी हुंगला, हसले आणि एका दमात संपवला. "आता जमली."

बाहेरचा आवाज थांबला.

मग मुख्तारला वास आला. फवारणीच्या औषधाचा, उग्र. कपाला नव्हता. वामनरावांच्या घामाला होता.

"मुख्तार... अंधार काहून केला रे?"

खिडकीतून ऊन त्यांच्या तोंडावर पडलं होतं. ओठांवर फेस आला होता.

"जीप... जीपनं ने मले."

अंगणातल्या जीपची किल्ली फिरली, पण तिचं दार उघडेना. आतून कुणी धरून ठेवल्यासारखं. फोनही मुका झालेला. मुख्तार स्वतः एसटीनं आलेला. शेवटी त्यानं बैल जुंपले आणि वामनरावांना गाडीत निजवलं. गाडी निघाली तसा रस्त्याकडेच्या कपाशीतून तो आवाज सोबत चालू लागला. खट्... फस्स.

"हाक रे... हळू चालते ही..." वामनराव म्हणाले. त्यानंतर ते बोलले नाहीत.

शवविच्छेदनात त्यांच्या पोटात विष सापडलं नाही, कपातही नाही; अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी अंगणात अंघोळ घालताना प्रेतावरचं कापड काढलं आणि माणसांचे हात थबकले. कडेला उभ्या असलेल्या मुख्तारलाही दिसलं. जन्मात पंप न उचललेल्या त्या खांद्यांवर दोन पट्ट्यांचे वळ होते, कातडी सोललेले. त्यांतून त्याच उग्र वासाचं पांढरं पाणी पाझरत होतं. कितीही पुसलं, तरी थांबत नव्हतं.