ध्रुवावरची बदली

कऱ्हाडच्या खराडे बोअरवेलच्या नियंत्रण कक्षात ऋजुता कापडणीसने कणिकेचा कामगार कायदा टेबलावर हळूच ठेवला. तोडगा सापडला की ती पुस्तक आपटते, हे मालक यशवंतअण्णा खराडे यांना सहा वर्षांत कळून चुकलं होतं.

"न्हाई ना सापडलं," ते म्हणाले.

"नाही, अण्णा. अनिशाची रजा अजून नऊ दिवसांत संपते."

कणिका हा दीड किलोमीटर लांबीचा लघुग्रह. त्याच्या पोटातल्या बर्फासाठी तिथे वस्ती झाली आणि दगडात भोक पाडून पाणी काढण्यात आयुष्य गेलेल्या अण्णांनी तिथेही बोअर घेतले. बाहेरच्या कंपनीने माणसं स्थानिक नेमायची आणि कायदाही स्थानिकच पाळायचा, ही तिथली अट. तो पाळला जातोय ना, हे बघायला ऋजुता होती. तिच्या दारावर 'परदेशी नियमपालन अधिकारी' अशी पाटी होती. अण्णा पाहुण्यांना 'आमची वकीलबाई' म्हणून सांगत.

अनिशा रामा ही कणिकेवरची त्यांची सगळ्यात चांगली ऑपरेटर. मूळची मॉरिशसच्या मराठी घरातली, पण कैक वर्षं वस्तीतच स्थायिक. नऊ दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली. वस्तीतलं पहिलं बाळ.

"कायद्यात एकशे ऐंशी दिवसांची रजा लिहिलीय," अण्णा म्हणाले. "मी सोता वाचलंय. नऊ दिवसांत कशी संपंल?"

"दिवस कुणाचा, ते बघा," कोपऱ्यात पोह्यांवर लिंबू पिळत बसलेले खगोल-अभियंते डॉ. फिरोज मुजावर म्हणाले. "कणिका स्वतःभोवती दोन तास चोवीस मिनिटांत फिरते. आपल्या एका दिवसात तिथे दहा दिवस होतात. म्हणजे त्यांचे एकशे ऐंशी ते आपले अठरा."

"असला कायदा कुणी केला?"

"कामगारांनीच," ऋजुता म्हणाली. "पहिल्या कंपन्या त्यांना पृथ्वीच्या घड्याळाने आठ-आठ तास ड्रिल धरायला लावायच्या. मग त्यांनी भांडून लिहून घेतलं. दिवस म्हणजे जिथे नेमणूक, त्या बोअरच्या तोंडावरचा सूर्योदय ते सूर्योदय. पाळी दिवसाच्या एक तृतीयांश, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. सुरू झालेली पाळी पूर्ण करायची, कुणाला मध्येच घरी पाठवायचं नाही. नवी नेमणूक आणि बदली फक्त नव्या जागच्या सूर्योदयाला. छान चाललं होतं त्यांचं. सगळे एकटे पुरुष होते हो. बाळंतपणाचं कलम कुठल्या तरी पुस्तकातून उतरवून घेतलं, हिशोब कुणी केलाच नाही."

"मग आपण जादा रजा दिऊ."

"कायद्यापेक्षा जादा किंवा पृथ्वीच्या पंचांगाने काहीही दिलं तर परवाना रद्द. आधीच्या कंपन्या मर्जीतल्यांना जादा सुट्ट्या देऊन संप फोडायच्या. आणि अनिशा हजर झाली नाही तर तिची नोकरी जाईल, नोकरीबरोबर वस्तीतली खोलीही."

अण्णा म्हणाले, "अठरा दिवसांचं लेकरू म्हंजे अजून मानसुद्धा धरत न्हाई गं."

मुजावरांनी पिळलेलं लिंबू खाली ठेवलं नव्हतं. ते त्याला दोन बोटांत धरून फिरवत होते.

"पोटाशी मुंगी बसली तर ती गरगर फिरते," ते स्वतःशीच म्हणाले. "पण देठाशी बसली तर?"

"पोह्यांत मुंग्या हायेत का?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, कणिकेचा अक्ष चांगलाच कललेला आहे. तिच्या ध्रुवावर सूर्य एकदा उगवला की नऊ महिने मावळत नाही, आणि मावळला की नऊ महिने उगवत नाही. ध्रुवावर बोअर घेतला, तर तिथला एक दिवस दीड वर्षाचा."

ऋजुताने पुस्तक आपटलं.

"तिथे सूर्योदय कधी?"

"चार दिवसांनी."

"तोवर तिचे एकशे तीस दिवस गेलेले असतील. उरले पन्नास."

"पन्नास गुणिले दीड. पंचाहत्तर वर्षं."

"तवर ती पोर आजी हुईल की," अण्णा म्हणाले.

"अनिशाला वाटेल तेव्हा ती परत बदली मागेल. वस्तीपाशी सूर्योदय दर अडीच तासांनी असतो," ऋजुता भराभर लिहीत म्हणाली. "फक्त एक आहे. नेमणूक चालू बोअरवरच करता येते. त्या सूर्योदयाला ध्रुवावरचं यंत्र फिरत असलं पाहिजे."

चार दिवसांत खोदयंत्र सरपटत ध्रुवावर पोचलं. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून, नारळ घेऊन नियंत्रण कक्षात आले. चाळीस वर्षांत खराड्यांचा एकही बोअर अण्णांचा पहिला हात लागल्याशिवाय सुरू झाला नव्हता. अगदी मुलीच्या लग्नादिवशीही ते मांडवातून उठून गेले होते. कणिकेवर ते दूरहस्त वापरत. दूरहस्त म्हणजे कोपरापर्यंतचा मोजा. त्यात इथे मूठ वळली की वीस सेकंदांनी तिथलं पोलादी बोट तरफ ओढतं.

पडद्यावर अनिशा बाळाला घेऊन बसली होती. दुसऱ्या चौकटीत कणिकेचे कामगार निरीक्षक मुतासा, हातात नोंदवही.

अण्णांनी नारळ फोडला, मोजा चढवला आणि मूठ वळली. वीस सेकंदांनी यंत्र घरघरलं. ध्रुवाच्या कड्यावर सूर्याची बारीक कोर दिसली.

मुतासांचं बोलणं भाषांतरयंत्रातून आलं. "अनिशा रामा यांची बदली आणि रजा मंजूर. ध्रुव बोअरवर कामावर हजर: यशवंत खराडे. पाळी सुरू."

"झालं," म्हणत अण्णा मोजा काढू लागले.

"अण्णा, हात काढू नका," ऋजुता म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "काम जिथे होतं, तिथला कायदा लागतो. तुमचा हात तिथे आहे. सुरू झालेली पाळी पुरी करावी लागते, नाहीतर बोअर बंद आणि अनिशाची नेमणूक रद्द."

"करतो की पुरी. अठ्ठेचाळीस मिंटं."

"दिवसाचा एक तृतीयांश," मुजावर शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाले. "सहा महिने."

अण्णा मोज्याकडे बघत राहिले. "दुसऱ्या कुणाला बशिवता येतं का?"

"नव्या माणसाला पुढच्या सूर्योदयाला. दीड वर्षाने. आत्ता पाळी घेऊ शकेल अशी त्या बोअरवर एकच दुसरी नेमणूक आहे."

अनिशाने ते ऐकलं होतं. "अण्णा, मी रजा सोडून हजर होते. बाळाला शेजारच्या सांभाळतील. तुम्ही घरी जा."

"नाव काय ठिवलं तिचं?"

"वेणू. काल बाराव्या दिवशी बारसं केलं." तिने मुतासांच्या चौकटीकडे चोरून पाहिलं. "म्हणजे, पृथ्वीच्या बाराव्या."

"मला काही ऐकू आलं नाही," भाषांतरयंत्र म्हणालं.

"तू गप घरी बस," अण्णा अनिशाला म्हणाले. "तेरा दिवसांची बाळंतीण ड्रिलवर आली तर आमची ही मला घरात घ्यायची न्हाई. नायतरी मी आता घरी कुठं जातोय."

मुजावरांनी खुर्ची आणली. ऋजुताने मोज्याखाली उशी दिली. अण्णा टेकले, डाव्या हाताने त्यांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले.

"पोरी, त्या कायद्यात चहाची सुट्टी हाय का?"

ऋजुताने पानं उलटली. "आहे. पाळीच्या दहाव्या हिश्श्याइतकी."

"म्हंजे?"

"अठरा दिवस."

"ब्येस," अण्णा म्हणाले. "कधी?"

"पाळीच्या मध्यावर. तीन महिन्यांनी."