जोडलेले : दोन

आचोळ्याला तेव्हा दिवसातून दोनदा लाइट जायची. २००५ सालची गोष्ट. माझा नवरा भूपेश घरूनच एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायचा. लाइट आली की सगळं नव्यानं सुरू करायला लागायचं, वैतागायचा. शेवटी त्यानं एक फाइल लिहिली. लाइट आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू होई, काळ्या पडद्यावर एकेक करून चार खिडक्या उघडत आणि प्रत्येकीत ठरलेली कमांड धावू लागे.

"विनया, आता मी झोपलो तरी हे उठून कामाला लागतं," तो म्हणाला होता.

पावसाळ्यात कावीळ झाली आणि आठ दिवसांत तो गेला.

मी इंटरनेटची फोनची वायर काढून टाकली, पण कॉम्प्युटर बंद करवेना. दुपारी लाइट यायची, आतला पंखा घुरघुरायचा. भाजी चिरता चिरता माझा हात थांबायचा. आतल्या खोलीत कुणीतरी कामाला बसलंय, असंच वाटायचं.

दोन महिन्यांनी कंपनीनं मशीन परत मागितलं. न्यायला भूपेशच्या ऑफिसातला संग्राम आला.

"वहिनी, आधी भूपेशची ती फाइल पुसतो."

फाइल पुसून त्यानं कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. पडदा बराच वेळ काळा राहिला. मग एकेक करून... चारही खिडक्या उघडल्या.

खोलीत डेटॉलचा वास पसरला, भूपेशच्या हॉस्पिटलच्या खोलीत यायचा तसा. संग्रामनं काहीतरी टाइप केलं. कोण कोण जोडलेलं आहे, त्याची यादी.

"वहिनी... दोन जण दाखवतंय."

"म्हणजे?"

"एक आपण. दुसरा... पण वायर तर काढलेली आहे." तो माझ्याकडे न बघता कुजबुजला, "काढून टाकू त्याला? एका कमांडचं काम आहे."

व्हेंटिलेटर काढू का, हेही डॉक्टरांनी मला असंच, खालच्या आवाजात विचारलं होतं. तेव्हा मी मानेनंच हो म्हटलं होतं.

"नको," मी म्हणाले. "बसू दे त्याला."

संग्रामनं हात मागे घेतला. कुणीही बोट लावलं नाही, तरी खिडक्या मिटत गेल्या. शेवटची जरा रेंगाळली. संग्रामनं पुन्हा यादी मागवली. एकच.

मी पडद्यावर तळहात टेकून बसले. किती वेळ, कुणास ठाऊक.

मशीन उचलून संग्राम दाराशी गेला आणि थबकला. त्याच्या चपला होत्या, माझ्याही होत्या. भूपेशच्या मी दोन महिने जागच्या हलवल्या नव्हत्या. तिथं आता धुळीत दोन पावलांएवढी स्वच्छ जागा होती.

आणि दाराची कडी आतून लावलेलीच होती.