उजव्या कानाची फाइल

तो आला तेव्हा बाबांनी त्याला तोंड उघडूच दिलं नाही. दंड धरून खुर्चीत बसवलं, मान एका बाजूला वाकवली आणि उजव्या कानात गुलाबी लगदा भरला.

आमचं दुकान कानाच्या साच्यांचं. कमी ऐकू येणाऱ्यांच्या यंत्राचा जो भाग कानात बसतो, तो आम्ही ज्याच्या त्याच्या मापाने बनवतो. या कामात बाबांचा हात कुणी धरू शकत नाही. त्यांना स्वतःला मात्र कुठल्याच यंत्राने ऐकू येत नाही. ते ओठ वाचतात, आणि नीट वाचतात ते फक्त माझे.

"अहो, मी गिऱ्हाईक नाही," तो कळवळून मला सांगत होता. "बॅकअपचा सर्व्हर लावायला आलोय..."

"आता काही उपयोग नाही. घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. हसायचंही नाही."

तो हसलाच. साचा बिघडला. बाबांनी तोंडाने पुटपुटत पुन्हा भरला, आणि या वेळी तो माझ्याकडे न बघता बसला. मला ते आवडलं... का, ते विचारू नका.

महिन्यापूर्वी आमचा जुना कॉम्प्युटर बसला होता, आणि त्याच्यासोबत गिऱ्हाइकांच्या कानांचे सगळे स्कॅन गेले होते. बाबांचं जेवणावरून मन उडालं होतं. म्हणून हे नवं मशीन. दुकानातलं सगळं काम ते रोज आपोआप स्वतःकडे उतरवून ठेवणार होतं.

मागच्या खोलीतल्या कपाटात त्याने ते बसवलं. खोलीला काचेची भिंत. पलीकडे बाबांचं टेबल. मी कपाटाकडे तोंड करून उभी राहिले. बाबांना कळू नये असं काही बोलायचं असलं की मी लहानपणापासून हेच करते. त्या दिवशी तसं बोलायचं काय होतं? काहीच नव्हतं. तरी उभी राहिले.

"कोणते फोल्डर घ्यायचे, मालकीणबाई?"

"सगळे."

"किती वाजता?"

"दुकान बंद झाल्यावर."

"आणि पुसलेल्या फाइली किती दिवस सांभाळायच्या?"

"पुसल्या त्या पुसल्या. सांभाळायच्या कशाला?"

"माणसाला पश्चात्ताप होतो."

"किती दिवसांत होतो?"

त्याने खरोखर विचार केल्यासारखं केलं. "तीन महिन्यांत होतो. त्यात नाही झाला तर माणूस सावरला म्हणायचं."

"मग तीन महिने लिहा," मी म्हणाले.

शेवटी चाचणी. एक फाइल मुद्दाम पुसायची आणि परत आणून बघायची. परत आणून बघितल्याशिवाय बॅकअपवर विश्वास ठेवायचा नसतो म्हणे. "जी गेली तरी कुणाचं अडणार नाही अशी द्या एखादी," तो म्हणाला.

"तुमचाच कान आहे की. ना गिऱ्हाईक, ना बिल."

बाबांनी सवयीने त्याचाही साचा स्कॅन करून ठेवला होता. आम्ही तो पुसला, परत आणला. पडद्यावर त्याचा कान सावकाश फिरत राहिला. वरच्या कडेला एक छोटीशी दुमड होती.

ही चाचणी दर महिन्याला करावी लागते, असं तो म्हणाला. लागते की नाही, मी कधी कुणाला विचारलं नाही. तो यायचा, आम्ही कपाटाकडे तोंड करून उभे राहायचो, 'अहो'चं 'अरे' झालं, आणि त्याची बाही माझ्या कोपराला लागली की दोघंही हलायचो नाही. त्याच्या कानाची ती दुमड मला डोळे मिटून काढता आली असती.

मग एकदा, तीच फाइल पुसून झाल्यावर, तो म्हणाला, "मला नोकरी लागली आहे. समुद्रापलीकडे." आणि कपाटाकडेच बघत, "येशील...?"

मी वळून काचेतून पाहिलं. बाबा एका बाईसमोर उभे होते; ती काही विचारत होती, आणि ते मान हलवत माझी वाट बघत होते. तिचं बोलणं त्यांना माझ्या ओठांवरून कळणार होतं.

"मग बॅकअप कोण बघणार?" मी हसण्यावारी नेलं.

तोही हसला, पण उशिरा. दारात थांबून म्हणाला, "फाइल परत आणायची राहिली."

"आणीन मी."

"तीन महिने आहेत."

मी आणली नाही. आणली असती तर सगळं आटोपलं असतं... मग उरलं काय असतं? रोज पुसलेल्या फाइलींमध्ये जाऊन ती आहे ना, एवढं बघायचे. त्याला काहीही मागायचा माझा हक्क मी स्वतःच हसून घालवला होता.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी मागच्या खोलीतून त्याला समुद्रापलीकडे फोन केला.

"एक फाइल परत आणायची आहे. कसं करतात?"

मला येतं हे त्यालाच सगळ्यात जास्त ठाऊक होतं. तरी त्याने एकेक पायरी सांगितली, हळूहळू.

"कुणाची आहे?"

"एका गिऱ्हाइकाची."

"उजवा कान... की डावा?"

माझा हात थांबला. "उजवा," मी म्हणाले, आणि मग मला आवरेना. "मला तू हवा आहेस रे. तेव्हाही हवा होतास. बाबांना टाकून कशी येणार होते मी? पुन्हा विचार मला. एकदाच."



"गेल्या आठवड्यात आईला हो म्हणालो," तो म्हणाला. "मुलगी इथलीच आहे. मला वाटलं, तू सावरलीस."

"मुदत आज संपते."

"माहीत आहे गं."

पडद्यावर कान आला. फिरायला लागला.

"आला का?"

"आला."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आज मी कपाटाकडे वळलेच नव्हते. काचेकडे तोंड करून बोलले होते, सगळंच्या सगळं. पलीकडे बाबा हातात साचा धरून उभे होते.

ते आत आले. त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही, म्हणून ते नेहमी मोठ्याने बोलतात. आज मात्र जेमतेम ऐकू आलं.

"माझ्यासाठी 'नाही' म्हणालीस तू? खरं सांग."

मी कपाटाकडे तोंड फिरवलं आणि खरं सांगितलं. बाबा माझ्या पाठीकडे बघत उभे राहिले.