मूळ चेहरा

सकाळी चावडी उघडली आणि हेमलता घुगेला वाटलं, ही सगळी मंडळी लग्नाला निघालीत की काय! एकूण एक चेहरा तुकतुकीत. विभागप्रमुख काबरा मॅडमच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गायब, आणि भास्कर ठोंबरे तर चक्क दाढी करून बसलेला. भास्कर आणि दाढी! सोमवारी!

चावडी म्हणजे जालन्यातल्या एका बियाणे कंपनीचं कार्यालय. इमारत कधीच भाड्याने देऊन टाकली होती. माणसं आपापल्या घरून काम करायची आणि 'चावडी' नावाच्या प्रणालीत पडद्यावर भेटायची. तिचीच नवी आवृत्ती त्या दिवशी आली होती.

लहानपणी तापात हेमलताचे दोन्ही कान गेले. ऐकण्याचं यंत्र तिला मानवलं नाही, पण ओठ वाचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. म्हणून ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये तिने 'मूळ चेहरा' निवडून ठेवला होता. समोरचा जसा असेल तसा, पारोसा, जांभया देणारा, तिला दिसायचा. आज तिने सेटिंग उघडली तर तो पर्याय नाही. पर्याय सोडा, ते पानच नाही.

तिने तांत्रिक विभागातल्या फैजानला गाठलं. त्याचं बोलणं पडद्याखालच्या शब्दपट्टीवर उमटत गेलं. "ताई, आता कॅमेऱ्याचं चित्र पाठवतच नाहीत. फक्त आवाज जातो, त्यावरून चावडी इकडे चेहरा रंगवते. नेट वाचतं ना."

"आणि ओठ?"

"आवाजाप्रमाणे हलतात."

"डोंबल हलतात! सगळ्यांचे एकाच साच्यातले हलू राहिले. मी वाचू काय?"

"शब्दपट्टी आहे की, ताई."

शब्दपट्टी होती, खरं आहे. पण ती आवाज टिपायची, आणि भास्करची खरी गंमत आवाजात नव्हतीच. जुन्या इमारतीत दोघांची टेबलं समोरासमोर होती, तेव्हापासूनची त्याची खोड ही, की बैठक रंगात आली की आवाज न काढता नुसत्या ओठांनी हेमलताशी बोलायचं. "हेमे, ही बाई परत तेच आकडे सांगू राहिली. झोप येऊ राहिली मला." बाकी कोणाला पत्ता लागायचा नाही. हेमलता मान खाली घालून हसायची. अख्ख्या जगात भरल्या घोळक्यात तिच्या एकटीच्या कानात कुजबुजणारा हा एकच माणूस होता.

आता आवाज नाही म्हटल्यावर चावडी भास्करचे ओठ मिटलेले रंगवायची. वर मंद हसू. तो पलीकडे काय बडबडत असेल, देव जाणे! आठवडा गेल्यावर तिने त्याला लिहिलं, "तुझे ओठ दिसत नाहीत रे." त्याचं उत्तर आलं, "मग मी आठवडाभर भिंतीशी बोलू राहिलो की काय?" टायपिंगचा त्याला भयंकर कंटाळा. हळूहळू तेही थांबलं. हेमलताने काबरा मॅडमकडे अर्ज केला, पुन्हा आठवण केली. पुढच्या आवृत्तीत बघू, असं उत्तर आलं. तिला त्या तुकतुकीत चेहऱ्यांचा राग यायचा आणि आपला एकटेपणा कोणाला सांगताही यायचा नाही.

पावसाळी बियाण्यांच्या तक्रारींची बैठक बरीच लांबली. शेवटी मॅडमनी विचारलं, "ठोंबरे, तुमचं काही म्हणणं?" हेमलताच्या पडद्यावर भास्करने मंद हसत मान डोलावली. म्हणजे चावडीने डोलावली. गप्प माणूस सहमत आहे असं ती धरून चालायची. "छान," मॅडम म्हणाल्या आणि बैठक संपली.

भास्करची बायको, वंदनावहिनी, बाजारातून परतल्या तेव्हा तो खुर्चीतून अर्धा खाली घसरलेला होता. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. वाचा आधीच गेली असणार, डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर फैजान भास्करच्या घरी आला. पडद्यावरून नाही, प्रत्यक्ष. वहिनींनी हेमलतालाही बोलावून घेतलं होतं. भास्करच्या संगणकात कॅमेऱ्याचं मूळ चित्रण तसंच पडून होतं. कोणाला पाठवलं जात नसलं, तरी साठवलं जात होतं. "त्यात आवाज नाही, पण ओठ हलताना दिसतात," फैजान नजर चुकवत म्हणाला. वहिनींनी हेमलताचा हात घट्ट धरला. "हेमाताई, तुम्हीच वाचू शकता. जाताना काय म्हणाले ते मला कळू द्या."

फैजानने चित्रण सुरू केलं. दाढी वाढलेला, घामेजलेला, खराखुरा भास्कर. किती दिवसांनी दिसला! हेमलताला त्या अवस्थेतही क्षणभर आनंदच झाला, आणि त्या आनंदाची लाज वाटली. त्याच्या तोंडाची डावी बाजू ओघळली होती. तो माईककडे बघत नव्हता. सरळ पडद्यावरच्या तिच्या चौकोनाकडे बघत होता आणि ओठ पुन्हा पुन्हा तेच शब्द जुळवत होते. अर्धे ओठ, तरी तिने पहिल्या फटक्यात वाचले. ती रडू लागली.

"काय म्हणाले?" वहिनींनी विचारलं.

खोटं सांगावं असं तिच्या मनात आलं. वहिनींचं नाव घेतलं, मुलांना सांभाळा म्हणाले, काहीही. पण भास्कर आयुष्यात एकदाही तिच्याशी गुळगुळीत बोलला नव्हता.

"मला विचारत होता, वहिनी," ती म्हणाली. "हेमे, दिसतंय ना तुला? हेमे, दिसतंय ना?"

वहिनींनी पडद्याकडे पाहिलं. मग वळून, हेमलताला नीट वाचता यावं म्हणून एकेक शब्द सुटा करत, त्यांनी विचारलं, "मग तुम्हाला तेव्हा काय दिसत होतं?"